दातातली काच टिकते कशावर?

रूट कॅनाल झाले, पण दाताचा वरचा भाग इतका किडलेला की कॅपला धरायला काही उरलेच नाही. अशा वेळी दंतवैद्य मुळाच्या पोकळीत एक बारीक कांडी, म्हणजे पोस्ट, बसवतात आणि तिच्या आधाराने दात उभा करतात. पूर्वी ही कांडी धातूची असे. आता अनेकदा ती रेझिनमध्ये बांधलेल्या काचेच्या धाग्यांची असते.

धातू दातापेक्षा कितीतरी ताठ. चावताना ताण मुळावर येतो आणि मूळ उभे तडकू शकते; मग दात काढण्यावाचून इलाज उरत नाही. फायबर पोस्टचा ताठपणा दाताच्या बराच जवळचा असतो. तिचे दुखणे वेगळेच : ती मोडण्यापेक्षा निसटते जास्त.

काच आणि रेझिन आपणहून एकमेकांना घट्ट धरत नाहीत. त्यांना जोडते ते सायलेन नावाचे रसायन. त्याच्या रेणूचे एक टोक काचेला धरते, दुसरे रेझिनला. अमेरिकेत राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये पेटंट घेतलेल्या दात भरण्याच्या मिश्रणातही सायलेन लावलेली सिलिकाची पूडच होती. नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत ओवेन्स कॉर्निंगने अनेक वर्षे काचेचे तंतू बनवले. ते दातासाठी नसतात, पण तत्त्व तेच : असा तंतू भट्टीतून ओढताच त्यावर लेप चढवतात आणि त्यात सहसा सायलेन असते.

हा थर नीट नसेल, तर पाणी आत शिरते आणि जोड हळूहळू सुटतो. फटीत जंतू वाढतात. उघडे पडलेले तंतू हिरडीला टोचतात. म्हणजे काच शरीराला मानवते की नाही, हे बरेचसे तिच्या पृष्ठभागावर ठरते. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडात बनवलेल्या ‘बायोग्लास’चे तेच : शरीरातील द्रवात त्या काचेवर हाडातल्या खनिजासारखा थर तयार होतो आणि हाड तिला चिकटते.

सायलेन लावले म्हणजे झाले, असे मात्र नाही. सिमेंट आणि दाताचे मूळ यांच्यातला जोड बहुधा सर्वांत कच्चा असतो. त्यामुळे पोस्ट बसवताना लाळ लागू नये म्हणून रबर डॅम लावणार का, मापासाठी आत घातलेली पोस्ट पुन्हा साफ करणार का, हे दंतवैद्यांना जरूर विचारावे. कॅप हलू लागली, तर दुखण्याची वाट पाहू नये. निखळलेली कॅप आणि पोस्ट जपून ठेवावी व लवकर दाखवावी. मूळ शाबूत असेल, तर दात बहुतेक वेळा वाचतो.