सिमेंटच्या गावाची टीम

एप्रिल १९८२. सोव्हिएत युनियनची नॅशनल टीम अर्जेंटिनाच्या दौऱ्यावर होती. स्पेनमधला वर्ल्ड कप दोन महिन्यांवर आलेला. तिकडे फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाचं सैन्य उतरलं होतं आणि सगळे पेपर युद्धाच्या बातम्यांनी भरले होते. तरी फुटबॉल चालू होता. ब्युनॉस आयर्समध्ये सोव्हिएत टीमने तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियन अर्जेंटिनाला १-१ असं बरोबरीत रोखलं. त्याच दौऱ्यात त्यांनी आणखी एक फ्रेंडली मॅच खेळली. समोर होता एका सिमेंट फॅक्टरीचा क्लब. नाव लोमा नेग्रा.

निकाल काय लागला असेल? लोमा नेग्रा १, सोव्हिएत युनियन ०.

हरलेली टीम किती तगडी होती, हे जून महिन्यात सगळ्या जगाने पाहिलं. वर्ल्ड कपच्या पहिल्याच मॅचमध्ये याच सोव्हिएत टीमने झिको-सॉक्रेटिसच्या ब्राझीलवर आधी गोल चढवला होता. ती मॅच जिंकण्यासाठी ब्राझीलला शेवटच्या पंधरा मिनिटांपर्यंत घाम गाळावा लागला. आणि तिला हरवणारा क्लब? दोन वर्षांत तो मोठ्या मैदानावरून गायब झाला. आज तुम्ही कितीही कट्टर मेस्सी फॅन असा, लोमा नेग्रा हे नाव तुमच्या कानावर आलेलं असण्याची शक्यता कमीच.

हे असं का झालं, ते समजून घेऊ. कारण ही गोष्ट फक्त अर्जेंटिनाची नाही.

मैदान फॅक्टरीच्या शेजारी

ब्युनॉस आयर्सपासून नैर्ऋत्येला साधारण साडेतीनशे किलोमीटरवर ओलावारिया नावाचं शहर आहे. आजूबाजूला सपाट गवताळ प्रदेश, आणि जमिनीखाली चुनखडी. चुनखडी म्हणजे सिमेंटचा कच्चा माल. आल्फ्रेदो फोर्ताबात या जमीनदाराने १९२६ मध्ये इथे सिमेंटची कंपनी काढली. लोमा नेग्रा, म्हणजे 'काळी टेकडी'. फॅक्टरीच्या बाजूला कामगारांची वसाहत उभी राहिली, आणि १९२९ मध्ये त्या वसाहतीचा क्लबही निघाला. कंपनीचं नाव तेच क्लबचं नाव.

पुढची पन्नास वर्षं या क्लबने काय केलं? तुमच्या-आमच्या गावातला क्लब करतो तेच. आठवडाभर फॅक्टरीत काम, रविवारी ओलावारियाच्या लोकल लीगमध्ये मॅच. शेजारच्या क्लबशी खुन्नस, जिंकलो तर आठवडाभर मिरवायचं, हरलो तर रेफ्रीला शिव्या. देशाच्या फुटबॉलमध्ये त्यांना कुणी विचारत नव्हतं.

१९७६ मध्ये फोर्ताबात वारले आणि कंपनीची सूत्रं त्यांच्या पत्नीकडे आली. त्यांचं नाव आमालिया लाक्रोझे दे फोर्ताबात. सगळा देश त्यांना 'आमालिता' म्हणायचा. त्यांच्या श्रीमंतीचा अंदाज हवा असेल तर हे ऐका. १९८० मध्ये इंग्लिश चित्रकार टर्नरचं एक चित्र लिलावात ६४ लाख डॉलरला गेलं. लिलावात तोवर कुठल्याच चित्राला एवढी किंमत आली नव्हती. ते चित्र घेतलं होतं आमालितांनी.

आणि साधारण त्याच सुमारास त्यांनी आपल्या फॅक्टरीच्या टीमवर पैसा लावायचं ठरवलं.

पैसा आला, टीम आली

पुढचं आपल्याला ओळखीचं वाटेल. कोच म्हणून रोखेलियो दोमिंगेस आले. हे एकेकाळी रिआल माद्रिदचे गोलकीपर होते. १९७४ चा वर्ल्ड कप खेळलेला कार्लोस स्क्वेओ आला. फर्स्ट डिव्हिजनमध्ये नाव कमावलेले आणखीही खेळाडू आले. काल-परवापर्यंत लोकल लीग खेळणाऱ्या क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये अचानक असे चेहरे दिसायला लागले.

पण नुसत्या पैशाने काम भागणार नव्हतं. तेव्हाच्या अर्जेंटिनात दोन मोठ्या स्पर्धा व्हायच्या. एक 'मेत्रोपोलितानो'. ती राजधानी आणि आसपासच्या जुन्या, मोठ्या क्लबांची. दुसरी 'नासियोनाल'. त्यात या बड्या क्लबांबरोबर देशाच्या इतर भागांतल्या क्लबांनाही जागा असायची. पण छोट्या शहरातल्या क्लबला तिथे पोहोचायचं तर आधी 'रेखिओनाल' ही पात्रता स्पर्धा पार करावी लागे. आणि त्यातून मिळालेलं तिकीट फक्त त्या एका सीझनपुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

१९८१ मध्ये लोमा नेग्राने हे तिकीट मिळवलं. त्या वर्षीची नासियोनाल म्हणजे काय होतं? बोकामध्ये मॅराडोना, रिव्हर प्लेटमध्ये मारिओ केंपेस. अशा स्पर्धेत सिमेंट फॅक्टरीची टीम उतरली. गटातून पुढे जाणं जमलं नाही, पण 'ही टीम फक्त गोल खायला आलीय' असं म्हणायची सोय कुणाला उरली नाही. पुढच्या वर्षी ती सोव्हिएत युनियनवरची जीत. १९८३ मध्ये लोमा नेग्रा पुन्हा नासियोनालमध्ये आली आणि या वेळी बाद फेरीपर्यंत गेली. तिथे हरली.

विचार करा, तुम्ही त्या वसाहतीत वाढलेले असता तर? वडील भट्टीवर कामाला, आणि कालपर्यंत जे खेळाडू फक्त रेडिओवर ऐकले ते आता तुमच्या गल्लीच्या टोकाला प्रॅक्टिस करतायत. आपल्या वसाहतीचं नाव देशभरच्या पेपरात. ही खुशी खोटी नव्हती. पैसा कुणाचाही असो, टाळ्या वाजवणारे हात कामगारांचेच होते.

आणि मग नळ बंद

१९८३ नंतर कंपनीने हात आखडता घेतला. मोठे खेळाडू गेले. त्यात १९८५ नंतर नासियोनाल स्पर्धाच बंद झाली आणि देशाच्या लीगची नव्याने मांडणी झाली. लोमा नेग्राची कुठल्याच राष्ट्रीय लीगमध्ये कायमची जागा नव्हती. रेखिओनाल जिंकली तरच दार उघडणार, आणि जिंकायची ताकद विकत आणलेली. पैसा थांबला तशी ताकद गेली, आणि नंतर तर ते दारच उरलं नाही.

क्लब मेला नाही, हे मात्र सांगायला हवं. तो पुन्हा ओलावारियाच्या लोकल लीगमध्ये गेला. जिथून आला होता, तिथेच. कंपनी २००५ मध्ये ब्राझीलच्या एका उद्योगसमूहाला विकली गेली. आमालितांनी जमवलेल्या चित्रांचं म्युझियम २००८ मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये सुरू झालं. २०१२ मध्ये त्या गेल्या. ते म्युझियम आजही बघता येतं. त्या टीमची आठवण मात्र जुन्या लोकांच्या गप्पांत आणि पिवळ्या पडलेल्या कात्रणांत शिल्लक आहे.

त्यांना व्हिलन ठरवणं सोपं आहे. पण थांबा. त्यांनी पैसा लावला नसता तर वसाहतीला ती दोन-तीन वर्षं मिळालीच नसती. त्यांनी पैसा लावला, ही तक्रार होऊच शकत नाही. अडचण ही होती की तो थांबला तेव्हा क्लबकडे स्वतःचं असं काही नव्हतं. आणि थांबवायचा निर्णय कामगारांना विचारून घ्यायची गरजही कुणाला नव्हती.

दुसरा क्लब, दुसरा रस्ता

आता त्याच काळातला दुसरा क्लब बघा. फेर्रो कार्रिल ओएस्ते, म्हणजे सरळ मराठीत 'पश्चिम रेल्वे'. १९०४ मध्ये ब्युनॉस आयर्समधल्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी तो काढला. म्हणजे सुरुवात इथेही कंपनीतूनच. पण हा क्लब हळूहळू सभासदांचा झाला. अर्जेंटिनात बहुतेक क्लब असेच चालतात. सभासद वर्गणी भरतात, निवडणूक होते, अध्यक्ष निवडला जातो. अगदी बोका आणि रिव्हरसुद्धा. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखं समजा, भांडणांसकट.

लोमा नेग्रा सोव्हिएत टीमला हरवत होती त्या १९८२ सालीच फेर्रोने नासियोनाल जिंकली, तीही एकही मॅच न हरता. १९८४ मध्ये पुन्हा जिंकली. कोच होते कार्लोस तिमोतेओ ग्रिगोल.

मग सभासदांचा क्लब म्हणजे सगळं आलबेल? अजिबात नाही. गैरकारभार आणि कर्ज यांनी फेर्रोचंही कंबरडं मोडलं. २००० मध्ये तो फर्स्ट डिव्हिजनमधून खाली आला, पुढच्या वर्षी तिसऱ्या पायरीवर घसरला आणि २००२ मध्ये दिवाळखोरीत गेला. तोवर रासिंग या बड्या क्लबचीही हीच गत झाली होती. मार्च १९९९ मध्ये त्याच्या दिवाळखोरीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने जाहीर केलं की हा क्लब आता अस्तित्वात नाही. त्या रविवारी रासिंगला मॅच खेळता आली नाही. तरी फॅन्सनी स्टेडियम भरून टाकलं. मॅच नाही, टीम नाही, फक्त गाणी आणि झेंडे.

पुढचा ट्विस्ट असा की रासिंग नंतर एका खासगी कंपनीने चालवायला घेतला आणि २००१ मध्ये ३५ वर्षांनी लीगही जिंकला. मग २००८ मध्ये ती कंपनीच बुडाली. क्लब मात्र राहिला आणि सभासदांच्या हाती परत आला.

म्हणजे 'कंपनी वाईट, सभासद चांगले' इतकं सरळ गणित नाही. दोन्हीकडे चुका होतात, दोन्हीकडे पैसा बुडतो. फरक बुडाल्यानंतर दिसतो. फेर्रो आणि रासिंगला वर काढायला 'हा आमचा आहे' म्हणणारे हजारो लोक होते. लोमा नेग्राच्या त्या महागड्या टीमला तसं म्हणणारं एकच माणूस होतं.

आपल्याकडे काय झालं?

हे वाचताना तुमच्यातल्या फुटबॉलवाल्यांना काहीतरी आठवलं असेल. मुंबईची महिंद्रा युनायटेड. २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकणारी टीम २०१० मध्ये बंद झाली. कंपनीने तळागाळातल्या, मुलांच्या फुटबॉलवर लक्ष द्यायचं ठरवलं. पंजाबातली जेसीटी मिल्स १९९६-९७ ची पहिली नॅशनल लीग जिंकली होती. ती २०११ मध्ये बंद झाली. गोव्यात धेंपो आणि साळगावकर या उद्योगघराण्यांचे क्लब कित्येक वर्षं देशात सगळ्यांच्या पुढे. एकट्या धेंपोकडे पाच राष्ट्रीय विजेतेपदं. २०१६ मध्ये लीगच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून हे दोन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो बऱ्याच वर्षांनी, २०२४-२५ च्या सीझनला आय-लीगमध्ये परतला.

प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. निर्णय बोर्डरूममध्ये झाला आणि गॅलरीत बसणाऱ्याला तो पेपरात वाचून कळला.

अर्जेंटिनात हा वाद आजही पेटलेला आहे. राष्ट्राध्यक्ष हावियेर मिलेई यांच्या सरकारला क्लबांना कंपनी होण्याची वाट मोकळी करायची आहे. तिथली फुटबॉल असोसिएशन आणि बरेचसे क्लब विरोधात उभे आहेत. दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. पैसा हवाच आहे, कर्जं खरीच आहेत. पण किल्ली कुणाच्या खिशात राहणार?

हा प्रश्न फुटबॉलपुरता नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्या कॉलेजचा फेस्ट एकाच टायटल स्पॉन्सरवर उभा आहे का? तुमचा नाटकाचा ग्रुप एकाच सरांच्या जिवावर चालतो का? तुमच्या भागातली क्रिकेट टीम एकाच 'दादां'च्या पैशावर जर्सी घेते का? घ्या ना, बिनधास्त घ्या. सेलिब्रिटी येऊ देत, मोठं स्टेज लागू दे. पण ते देणारे असतानाच एक वही काढा. वर्गणी भरणारे किती, काम शिकलेले ज्युनिअर किती, आणि उद्या तो एक फोन उचलला गेला नाही तर किती जण उरतील, ते लिहून ठेवा.

लोमा नेग्राच्या बाबतीत तरी वहीत काहीतरी उरलं होतं. एक मैदान, एक लोकल लीग, आणि रविवारी खेळायला येणारी वसाहतीतली पोरं. क्लब त्यांच्यामुळे अजून आहे.