घरातील धुराडे आपणच दुरुस्त करू या

रसायनी म्हटले की कारखान्यांची उंच धुराडी डोळ्यांपुढे येतात. त्यांतून काळा धूर निघाला की आपण लगेच निवेदन लिहायला बसतो. आम्हीही लिहिली आहेत. परंतु स्वतःच्या घरातील धुराड्याकडे आम्ही कित्येक वर्षे मान वर करून पाहिले नव्हते. मातोश्री फुंकणी घेऊन बसत, खोकत, डोळे पुसत आणि म्हणत, "चूल म्हटली की धूर आलाच, बाळा." एकदा पाऊस उघडल्यावर आम्ही धुराड्याची टोपी काढली, तर आतील वाट काजळीने जवळजवळ बुजलेली! दोष चुलीचा नव्हता, आमच्या दुर्लक्षाचा होता.

केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला. खेडोपाडी धुराड्याच्या चुली बसल्या, पण देखभालीअभावी अनेक मोडल्या. २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले, तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी बऱ्याच घरांत फाट्यांवरच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

पावसाळ्यात ओल्या फाट्यांनी काजळी अधिक धरते. म्हणून थंडी पडण्यापूर्वी एक रविवार या कामाला द्यावा.

चूल पूर्ण थंड झालेली असावी. तोंडाला फडके बांधावे. कौलांवर किंवा पत्र्यावर थेट पाय देऊ नये. शिडी लावावी व एकाने ती खाली धरावी. टोपी काढून लांब कळकाच्या टोकाला गोणपाटाचा ओला बोळा घट्ट बांधावा आणि तो वरून खाली फिरवावा. खाली पडलेली काजळी पाणी शिंपडून गोळा करावी.

जुना सिमेंटचा पाइप असल्यास विशेष जपावे. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तो करवतीने कापू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. फुटला असेल तर ओला करून अलगद उतरवावा व पत्र्याचा बसवावा. पत्र्याचा पाइप तापतो, म्हणून वासे व प्लास्टिक त्यापासून दूर ठेवावे.

नंतर चुलीत थोडा ओला पाला पेटवावा. ज्या फटीतून धूर येईल तेथे खूण करावी. चूल निवल्यावर फटी ओल्या करून चाळलेली माती, शेण व भाताचा तूस यांच्या चिखलाने लिंपाव्यात. दोन-तीन दिवस वाळू द्यावे आणि प्रथम मंद जाळ करावा. पाइपाचे तोंड छपरापेक्षा दोन-तीन फूट उंच असावे. पुढे महिन्यातून एकदा काजळी काढावी.

धुराडे दुरुस्त झाले तरी खिडकी उघडी ठेवावी. निखारे खोलीत ठेवून झोपू नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो.

बांधवांनो, चूल बायकांची म्हणून हे कामही त्यांच्यावर टाकू नका. कारखान्याला जाब जरूर विचारू या. पण त्याआधी शिडी घेऊन आपल्या घराच्या छपरापाशी जाऊ या. आमच्या घरी त्यानंतर फुंकणी कोपऱ्यात पडली आणि मातोश्रींचा पदर डोळ्यांना लागायचा थांबला.