अण्णा भाऊंची छक्कड

सांगली ही आमची नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे संगीत नाटक बहरले आणि गाण्याची आमची कसोटी ठरून गेली : सूर घोटलेला हवा, तान दाणेदार हवी. या कसोटीस न उतरणारे गाणे आम्ही ‘रांगडे’ म्हणून बाजूस सारतो. पण रांगडेपणा म्हणजे उणेपणाच काय?

हा प्रश्न आपल्याच मुलखातील एका शाहिराने आपणांपुढे टाकला आहे. अण्णा भाऊ साठे १९२० साली वाळवे तालुक्यातील वाटेगावी, मातंग समाजात जन्मले. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही. पोटासाठी ते मुंबईस गेले, गिरणीत राबले, तमाशाच्या फडात गायले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले.

जुना साचा त्यांनी निःशंकपणे मोडला. गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमीला वंदन आले, गवळण गळाली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील त्यांची ‘माझी मैना’ पाहा. छक्कड हा लावणीचाच एक प्रकार. लावणीत विरह बहुधा स्त्रीचा असतो; येथे बोलतो तो बायकोला गावी ठेवून मुंबईस आलेला कामकरी. आणि अखेरीस मैनेची ही ताटातूट बेळगाव-कारवारची ताटातूट होते. एकट्याचे दुःख साऱ्या सभेचे होते.

असे गाणे उघड्या मैदानावर शेवटच्या माणसापर्यंत पोचावे लागते. शाहीर ओळ फेकतो, झीलकरी ती उचलतात, ढोलकी तिला रेटा देते. घोटीव सूर तेथे विरून जाईल. अमेरिकेतील निग्रो शेतमजुरांचे ‘ब्लूज’ गाणेही असेच. दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांतून ते मजुरांबरोबर शिकागोस गेले, आणि त्याचा खरखरीत कंठ हेच त्याचे सत्य ठरले.

अण्णा भाऊ १९६९ साली निवर्तले. बेळगाव-कारवार आजही महाराष्ट्राबाहेर आहेत, आणि आपल्या खेड्यांतील तरुण आजही मुंबईची वाट धरतात. भाव्यांचा वारसा आम्ही अभिमानाने सांगतो. वाटेगावचा हा सूरही त्याच वारशात मोजला पाहिजे.