गारगोटीच्या घरातला जांभळा खडा

दुधनीच्या आडत बाजारात तुरीचे नुसते नाव ऐकून कोणी भाव बोलत नाही. आधी मूठभर दाणे हातात घ्यायचे, किडका-फुटका पाहायचा, ओल आहे का ते दाताखाली धरून बघायचे, मग दर ठरायचा. पण हाच चोखंदळ माणूस जत्रेतल्या खड्यांच्या दुकानापुढे उभा राहिला, की दुकानदार सांगेल ते नाव आणि मागेल ती किंमत मुकाट्याने मान्य करतो. असे का व्हावे? तुरीची ओळख आपल्याला आहे, खड्याची नाही, एवढेच त्याचे कारण. म्हणून आज एका खड्याची ओळख करून घेऊ. त्याचे इंग्रजी नाव अ‍ॅमेथिस्ट. व्यापारी त्याला कटेला किंवा जमुनिया म्हणतात. पिकलेल्या जांभळाचा रंग डोळ्यांपुढे आणा, म्हणजे खडा ओळखीचा वाटेल.

हा खडा काही परका नव्हे. आपल्या शिवारात नांगराच्या फाळाला लागणारी गारगोटी आणि हा खडा एकाच घरातले. दोन्ही सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या कणात असते त्याच द्रव्याचे बनलेले. गारगोटी पांढरी राहिली आणि हिला जांभळा रंग चढला, इतकाच फरक. हा रंग आला कोठून? खड्यात लोखंडाचा अगदी सूक्ष्म अंश अडकलेला असतो. भोवतालच्या खडकांतून निघणारे किरणोत्सर्गी किरण त्यावर दीर्घकाळ पडत राहतात, आणि त्यातून हा रंग उमटतो.

अक्कलकोट तालुक्याची जमीन काळ्या फत्तरावर बसलेली आहे. रेल्वेने दुधनीहून कलबुर्गीमार्गे शहाबादला गेलात, तर तिकडे फरशीचा चुनखडी दगड लागतो. पण आपल्याकडचा दगड लाव्हारसाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर या रसाचे थरावर थर पसरले. भाकरी फुगताना आत वाफ कोंडते ना, तसेच या रसातही वायूचे बुडबुडे कोंडले. रस थिजला आणि पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपले आणि भिंतींवर थर धरू लागले. कोठे अकीक झाला, कोठे पांढरे टोकदार स्फटिक, तर कोठे जांभळे. महाराष्ट्रात जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या भागांत असे जांभळे स्फटिक मिळालेले आहेत. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलचा दक्षिण भाग आणि उरुग्वे येथेही असाच लाव्हारसाचा काळा दगड आहे, आणि तेथील पोकळ्यांत माणूस उभा राहील एवढ्या जांभळ्या गुहा सापडतात.

हे ऐकून कोणी विहिरीत सुरुंग लावायला निघू नये, बरं का! पांढरे स्फटिक पुष्कळ, जांभळे थोडे, आणि दागिन्यात बसवण्याजोगे स्वच्छ तर त्याहून थोडे. शेताची खरी किंमत मातीत आणि पाण्यातच आहे.

एके काळी हा खडा मोठ्या मानाचा होता. नशा न चढणारा, असा त्याच्या ग्रीक नावाचा अर्थ. त्याच्या पेल्यातून मद्य प्यायल्यास झिंग येत नाही, अशी प्राचीन ग्रीकांची समजूत होती. ख्रिस्ती बिशपांच्या अंगठीत तो बसवण्याची जुनी रीत आहे. पण १९ व्या शतकात ब्राझीलचे साठे हाती आले आणि माल मुबलक झाला. माल वाढला की भाव उतरतो, हे बाजार जाणणाऱ्याला सांगायला नको. आज चांगला अ‍ॅमेथिस्ट नीलम किंवा माणकापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो.

फसवणूक होते ती येथेच. हा खडा नवरत्नांत नाही, त्याची गणना उपरत्नांत होते. तो शनीच्या नीलमाऐवजी दिला जातो, आणि कधी कधी चक्क नीलम म्हणूनच विकला जातो. दुसरी गंमत अशी, की साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की बऱ्याच जांभळ्या खड्यांचा रंग पिवळा होतो. बाजारातला पुष्कळसा सुनेला अशा तापवलेल्या अ‍ॅमेथिस्टचाच असतो, आणि तो पुष्कराज म्हणून कोणाच्या तरी बोटात जातो. म्हणजे एकच खडा, जांभळा असताना नीलम आणि पिवळा झाल्यावर पुष्कराज! श्रद्धा ज्याची त्याची. पण उपरत्नाला रत्नाचा भाव देण्यात श्रद्धेचा काही संबंध नाही. तेवढ्या पैशात घरातल्या मुलीची वर्षभराची वह्या-पुस्तके येतील.

नावाचा हा घोटाळा शिकलेल्यांकडूनही झालेला आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ‘दिल्लीचा जांभळा नीलम’ या नावाचा एक खडा आहे. १८५७ च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्रमंदिरातून तो लुटला गेला आणि तेव्हापासून शापित आहे, अशी चिठ्ठी त्याचे मालक एडवर्ड हेरन-अ‍ॅलन यांनी १९०४ मध्ये लिहून ठेवली. या गृहस्थांनी पुढे त्याच नावाची एक गोष्टही छापली, त्यामुळे शापाची कथा रचलेली असावी असे जाणकार मानतात. खडा मात्र नीलम नाही, साधा अ‍ॅमेथिस्ट आहे.

मग परीक्षा कशी करावी? काच आणि अ‍ॅमेथिस्ट यांतला फरक भिंगाखाली पुष्कळदा कळतो. काचेत गोल बुडबुडे दिसतात, पैलूंच्या कडा झिजून बोथट होतात. अ‍ॅमेथिस्टचा रंग सर्वत्र सारखा नसतो. कोठे गडद, कोठे फिका असे सरळ पट्टे दिसतात. पण १९७० नंतर कारखान्यात बनवलेला अ‍ॅमेथिस्टही बाजारात आला आहे. तो काच नव्हे, द्रव्याने अस्सल खड्यासारखाच, म्हणून नुसत्या डोळ्यांना उमगत नाही. तेव्हा मोठी रक्कम द्यायची असेल तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. पावतीवर खड्याचे नाव, तो नैसर्गिक की कृत्रिम, आणि वजन किती, हे लिहून घ्यावे. खड्याच्या वजनाचा कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ५ कॅरटचा एक ग्रॅम. सोन्याचा कॅरट वेगळा, तो शुद्धतेचा. दोन्हींची गल्लत करू नये.

आता दागिन्याविषयी. हा खडा स्वस्त आणि आकाराने मोठा मिळतो, म्हणून पदकात किंवा मोठ्या कर्णफुलात तो शोभतो. जांभळ्याच्या शेजारी पिवळे सोने उठून दिसते, चांदीत तो शांत दिसतो, आणि मोत्यांशीही त्याचे जमते. फिका खडा जाड ठेवून पैलू पाडले तर रंग भरतो; फार गडद खडा जाड ठेवला तर काळपट दिसतो. कोंदण मागून बंद असेल तर आत चकाकता पत्रा घालून फिक्या खड्याचा रंग वाढवता येतो, म्हणून विकत घेताना शक्यतो सुटा खडा उजेडात पाहावा. त्याचा कठीणपणा ७, नीलमाचा ९, हिऱ्याचा १०. आपल्या धुळीत गारगोटीचेच कण असतात, तेव्हा शेतात खुरपणाऱ्या हाताच्या अंगठीतला खडा हळूहळू मंद होणारच. त्यापेक्षा तो कानात किंवा गळ्यात बरा. डाग देताना सोनाराला खडा आधी काढायला सांगावे, नाहीतर आचेने रंग उडेल. कडक उन्हात दिवसच्या दिवस ठेवल्यानेही काही खडे फिके पडतात. धुवायला कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरे.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना शिवारातले पांढरे दगड गोळा करायला सांगा. जो काचेच्या तुकड्यावर ओरखडा काढतो तो बहुधा गारगोटीच्या घरातला. जो साध्या चाकूने खरवडला जातो आणि ज्याच्या पुडीवर लिंबू पिळताच बारीक फेस येतो, तो कॅल्साइट. मग गारगोटीचा एक ओबडधोबड तुकडा दोऱ्याला बांधून तागडीत तोला. समजा २६५ ग्रॅम भरला. तोच तुकडा पाण्यात पूर्ण बुडवून तोलला, तर १६५ ग्रॅमच्या आसपास भरेल. तुटलेले १०० ग्रॅम म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. २६५ ला १०० ने भागले की २.६५ येतात. अ‍ॅमेथिस्टचाही हाच आकडा, नीलमाचा मात्र ४ च्या घरात. जांभळा खडा नीलम आहे की नाही, हे सांगणारा हा आकडा पाचवी-सहावीच्या मुलालाही काढता येतो.

अशी पोरे मोठी होऊन सराफाच्या पेढीवर बसली, की तुरीचे दाणे पाहावेत तसा खडा हातात घेऊन पाहतील आणि मग भाव विचारतील. प्रामाणिक सराफालाही असे गिऱ्हाईक आवडते.