डेटाबेस शिकण्यापूर्वी

मुलगा किंवा मुलगी सॉफ्टवेअर शिकायचे म्हणाली की नाशिकमधील कष्टकरी घरात पहिली चिंता क्लासच्या फीची असते. पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी ही विद्या समजून घ्यावी.

अॅपचा पडद्यावर दिसणारा भाग वेगळा आणि मागे राहून नोंदी सांभाळणारा भाग वेगळा. या मागच्या कामाचा पाया म्हणजे डेटाबेस.

लासलगावचा कांदा बाजार घ्या. शेतकरी, व्यापारी आणि लिलाव असे तीन तक्ते करावेत. शेतकऱ्याचे नाव-गाव एकदाच लिहून त्याला क्रमांक द्यावा. लिलावाच्या नोंदीत फक्त तो क्रमांक येतो. फोन नंबर बदलला तर दुरुस्ती एकाच जागी होते. ही पद्धत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल.

व्यापाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि तेवढ्यात वीज गेली, तर? चांगला डेटाबेस दोन्ही खात्यांच्या नोंदी पूर्ण करतो, नाहीतर एकही ठेवत नाही. गरिबाचा पैसा अधांतरी राहत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस विनामूल्य मिळतो आणि सरावाला जुना संगणकही चालतो. नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकलाच आहे.

क्लास लावायचाच असेल तर तक्ते स्वतः आखायला लावतात का, हे आधी विचारा. तोवर आईच्या बचत गटाचा हिशेब मुलांना मांडायला द्या. त्यातला रुपयान् रुपया जुळला, की पाया पक्का झाला असे समजावे.