विजेची गाडी ब्रेकला आवाज करते तेव्हा

पेट्रोलच्या गाडीचे ब्रेक वापरून झिजतात. विजेच्या गाडीचे पुष्कळदा न वापरल्यामुळे बिघडतात. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनरेटरचं काम करते, गाडीचा वेग वीज होऊन बॅटरीत परततो आणि पॅड डिस्कला टेकायची वेळ फार येत नाही. यालाच रिजन म्हणतात. आवाज आला की पॅड बदलायची घाई करू नका, असं म्हणतो ते यासाठीच.

आवाज नेमका कुठून?

सपाट, रिकाम्या रस्त्यावर रिजन सर्वांत कमी करा (नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये ०) आणि ताशी ४० किलोमीटरवरून पेडल दाबून थांबा. मग रिजन सर्वांत जास्त ठेवा आणि पेडलला पाय न लावता वेग उतरू द्या. पहिल्या खेपेलाच आवाज आला, तर दोष पॅड-डिस्कपाशी शोधावा. नुसत्या रिजनवर बारीक शीळ ऐकू येत असेल, तर ती बहुधा मोटर-गिअरची असते. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना ही परीक्षा नको. तेव्हा वीज साठवायला जागा नसते, रिजन आपोआप कमी होतं.

सकाळची खरखर

डिस्क बीडाची असते. गाडी पावसात किंवा धुऊन रात्रभर उभी राहिली की डिस्कवर तांबूस थर चढतो. चार-पाच ब्रेकांत खरखर गेली तर काळजी नको. कोकणात खाऱ्या हवेत महिनोन्‌महिने रिजनवरच चाललेल्या गाडीत मात्र गंज खोल जातो. म्हणून आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे बघून, रिजन कमी करून ताशी ६० वरून २० पर्यंत सहा-सात वेळा ठाम ब्रेक लावा. दोन खेपांमध्ये डिस्क थोडी थंड होऊ द्या. गंज घालवायला डिस्कवर तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारणं धोक्याचं आहे. ब्रेक धरणारच नाही.

चाकाच्या फेऱ्यासरशी घस्स-घस्स

डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो किंवा पत्रा वाकलेला असतो. दोन्ही नसेल, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम झाल्याचा संशय घ्या. पॅड मागे सरकत नाही, डिस्कला घासतच राहतो. फेरफटक्यानंतर चाकांजवळ हात न्या (टेकवू नका). एकाच चाकाची धग जास्त लागली तर शंका पक्की. अशी गाडी रेंजही खाते. पिना काढून साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं की बरेचदा काम भागतं, नवे पॅड लागत नाहीत.

सतत किंचाळणं

पॅड संपत आल्याची खूण सांगणारी पत्र्याची जीभ डिस्कला घासते तेव्हा असा आवाज येतो. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं, तर गाडी पुढे नेऊ नका.

दोषाचे नसलेले आवाज

इंजिन नसल्यामुळे पेडलला जोर द्यायला विजेचा पंप किंवा बूस्टर असतो. त्याची घुर्र, निघताना होणारी एबीएसची टकटक आणि विजेच्या हँडब्रेकची गुणगुण हे दोष नव्हेत.

गॅरेजमध्ये

विजेचा हँडब्रेक असेल, तर मागचे पॅड काढण्याआधी तो सर्व्हिस मोडवर टाकावा लागतो. तसाच पिस्टन दाबला तर कॅलिपरची मोटर मोडू शकते. जॅक ठरलेल्या जागीच लावायला सांगा. गाडीच्या पोटाशी बॅटरी आहे.