बिटकॉइनचा वाटा घसरला, म्हणजे नेमकं काय झालं?

मागच्या व्याख्यानानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला. बिटकॉइनचा डॉमिनन्स घसरायला लागला की बिटकॉइन विकून दुसरी नाणी घ्यायची, असं सगळीकडे सांगतात. तसं करावं का? आज आपण एवढाच प्रश्न घेऊ. सरळ हो किंवा नाही म्हणण्याआधी हा आकडा बनतो कसा, ते बघायला हवं.

डॉमिनन्स म्हणजे साधा भागाकार. अंशात बिटकॉइनचं एकूण बाजारमूल्य, छेदात सगळ्या क्रिप्टो नाण्यांचं मिळून बाजारमूल्य. त्यामागचा तर्क आपल्याला शेअर बाजारातून ओळखीचा आहे. तेजी मुरली, लोकांची भीड चेपली, की पैसा मोठ्या कंपन्यांकडून स्मॉलकॅपकडे सरकतो. इथे बिटकॉइन ही मोठी कंपनी आणि बाकीची नाणी, म्हणजे ऑल्टकॉइन, ही स्मॉलकॅप. वाटा घसरला म्हणजे लोकांचं धाडस वाढलं, वाटा चढला म्हणजे लोक सावध झाले, असं वाचन त्यातून आलं.

हे वाचन अगदीच हवेतलं नाही, बरं का. २०१७ च्या सुरुवातीला बिटकॉइनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर होता. त्या वर्षी नवनव्या टोकनांची लाट आली आणि जानेवारी २०१८ च्या मध्यात तो ३५ टक्क्यांच्याही खाली गेला. बिटकॉइनची किंमत डिसेंबरातच २० हजार डॉलरजवळ शिखर गाठून उतरू लागली होती, पण बाकीच्या नाण्यांचा उत्साह आणखी काही आठवडे टिकला. म्हणजे वाटा सर्वांत कमी होता तेव्हा हाव सर्वांत जास्त होती. पुढे काय झालं? तीन डॉलरच्या वर गेलेलं एक्सआरपी वर्षअखेर ५० सेंटच्याही खाली होतं, आणि बिटकॉइनचा वाटा पुन्हा ५० टक्क्यांच्या वर. बिटकॉइनही आपटलंच होतं. बाकीची त्याहून जोरात आपटली, इतकंच.

या एका प्रकरणावरून लोकांनी नियम केला. गडबड तिथे झाली. आपण फळ्यावर एक हिशेब करू.

समजा बाजार १०० रुपयांचा आहे. त्यात बिटकॉइन ५०, ऑल्टकॉइन ४० आणि स्टेबलकॉइन १०. स्टेबलकॉइन म्हणजे डॉलरला बांधलेली नाणी, टेदरसारखी. लोक बाजारातून पूर्ण बाहेर न पडता पैसा तिथे उभा करून ठेवतात. तर बिटकॉइनचा वाटा ५० टक्के.

आता तेजी आली. बिटकॉइन ६० झालं, ऑल्टकॉइन दुप्पट होऊन ८०, स्टेबलकॉइन तेवढेच १०. एकूण १५०. बिटकॉइनचा वाटा ४० टक्के.

दुसऱ्या बाजूला, मंदी आली असं धरा. बिटकॉइन ६० टक्के पडून २० वर आलं, ऑल्टकॉइनही तेवढ्याच प्रमाणात पडून १६ वर. घाबरलेल्यांचा थोडा पैसा स्टेबलकॉइनमध्ये गेला, ते १४ झाले. एकूण ५०. बिटकॉइनचा वाटा? पुन्हा ४० टक्केच.

एका घरात वरात, दुसऱ्या घरात सुतक, आणि दारावरची पाटी मात्र सारखी. दोन्हीकडे वाटा ५० वरून ४० झाला. फरक दिसतो तो एकूण बाजारात, १५० विरुद्ध ५०, आणि स्टेबलकॉइनच्या वाट्यात. तेजीत तो १० वरून ७ टक्क्यांच्या जवळ उतरला, मंदीत २८ वर चढला.

हा नुसता फळ्यावरचा खेळ नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरजवळ गेलं होतं, वर्षभरात ते १६ हजारांच्या आसपास आलं. मधे टेरा कोसळलं, मग एफटीएक्स बुडालं. इतकी भीती या बाजाराने क्वचितच पाहिली असेल. आणि डॉमिनन्स? दोन्ही टोकांना ४० टक्क्यांच्या आसपासच. घर जळत होतं आणि हा काटा जागचा हलला नाही!

मग स्टेबलकॉइनचा वाटा बघितला की काम झालं का? तिथेही जरा थांबा. त्याच वर्षात टेदरचा वाटा सुमारे अडीच टक्क्यांवरून आठ टक्क्यांच्या आसपास गेला. वाचणाऱ्याला वाटेल, टेदरमध्ये पैशाचा पूर आला. प्रत्यक्षात टेदरचं मूल्य ७० अब्ज डॉलरच्या थोडं वर होतं, ते थोडं खाली आलं. पैसा आलाच नव्हता, उलट थोडा गेला होता. बाजार जवळपास तीन हजार अब्ज डॉलरवरून हजार अब्जांच्याही खाली आक्रसला, म्हणून वाटा फुगला. म्हणून कोणताही वाटा बघताना आधी अंश हलला की छेद, हे तपासायचं. आम्ही स्वतः आलेख बघायला बसलो की टक्केवारी शेवटी उघडतो.

उलट दिशेचं उदाहरणही घेऊ. १० जानेवारी २०२४ ला अमेरिकेच्या बाजार नियामकाने बिटकॉइनच्या थेट ईटीएफना परवानगी दिली. नेहमीच्या डीमॅटसारख्या खात्यातून बिटकॉइनमध्ये पैसा घालणं सोपं झालं, हजारो छोट्या नाण्यांना ती वाट नव्हती. पुढे बिटकॉइनने लाख डॉलर ओलांडले आणि वाटाही ६० टक्क्यांच्या वर गेला. वाटा चढला म्हणजे लोक घाबरले, हे जुनं वाचन तिथे लावलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

छेदाबद्दल आणखी एक. अब्जभर टोकन काढायचे, त्यातले मूठभर एक डॉलरला विकायचे, की कागदावर अब्ज डॉलरचं बाजारमूल्य तयार. असं किती छेदात धरायचं, हे प्रत्येक संकेतस्थळ आपापलं ठरवतं. म्हणून कॉइनमार्केटकॅप आणि कॉइनगेको एकाच क्षणी वेगळा डॉमिनन्स दाखवतात. तुलना करायची तर एकाच ठिकाणच्या आकड्यांची करा.

आता मूळ प्रश्न, विकून दुसरं घ्यायचं का. भारतात २०२२ च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, वर सेस वेगळा. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ते हस्तांतरणच धरलं जातं, आणि सहसा १ टक्का टीडीएसही कापला जातो. लाखाला घेतलेलं बिटकॉइन दीड लाख झालं आणि डॉमिनन्स घसरतोय म्हणून त्याचं दुसरं नाणं केलंत, तर ५० हजारांवर १५ हजार कर लागला. ते दुसरं नाणं पडून विकताना ५० हजारांचा तोटा झाला, तर तो आधीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हातात पुन्हा लाखच उरले, आणि १५ हजार भरायचेच.